घागरीचा नंबर

सिनेमात पाऊस आला की प्रेम सुरू होतं. आमच्या ढोकीत पाऊस आला की ते आटपतं. मृग निघतो सात-आठ जूनला, शाळा उघडते पंधराच्या आसपास. मधल्या आठवड्यात बियाणं, खत, वह्या, दप्तर आणि, निकाल जूनमध्ये लागायचा तेव्हा, दहावीचे पेढे एवढं सगळं एकाच बापाच्या एकाच खिशातून निघायचं असतं. त्या धांदलीत प्रेमाकडं बघायला सवड कुणाला? ज्यांचं असतं त्यांनासुद्धा नसते.

माझं दुकान स्टँडजवळ. वह्या-पुस्तकं, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, मोबाइलचं रिचार्ज. गावात कोण कुणाकडं बघतंय हे आईबापाच्या आधी मला कळतं, कारण त्या बघण्याचा खर्च माझ्या गल्ल्यात पडतो. परीक्षेपर्यंत महिन्याला एकदा दहाचं रिचार्ज मारणारं पोरगं मे महिन्यात दिवसाआड दारात उभं राहायला लागलं की मी काही विचारायचो नाही. रिचार्ज मारायचो. जूनमध्ये तेच पोरगं बापासोबत यायचं, मला जन्मात पहिल्यांदा बघितल्यासारखं 'काका, दोनशे पानी सहा द्या' म्हणायचं, आणि मीही 'कितवीला गेलास रे?' म्हणून विचारायचो.

आता प्रेम म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या वाचकांनी भलतंसलतं डोळ्यांसमोर आणू नये. ढोकीतलं उन्हाळी प्रेम म्हणजे बघणं. फार पुढं गेलं तर बघून मान खाली घालणं. आणि अगदी कळस म्हणजे 'तुमच्याकडं पाणी आलं का?' हा प्रश्न. याचं उत्तर 'नाही' असं आलं तरी पोरगं आठवडाभर हवेत असतं.

भानगड होते ती पाहुण्यांमुळं. गावातली पोरं गावातल्या पोरींना बालवाडीपासून बघत आलेली असतात. एकमेकांचं नाक गळताना बघितलेल्यांचं जमणं अवघडच. पण मे महिना लागला की पोटापाण्यासाठी भोसरीला, हडपसरला, चिंचवडला गेलेल्या आमच्या माणसांची लेकरं मामाच्या गावाला उतरतात. त्यांच्या पायात पांढरे बूट असतात, तोंडात 'अरे यार' असतं, आणि त्यांना हापसा मारता येत नाही. हापसा न येणं ही साधी गोष्ट नाही. जिला हापसा येत नाही तिला मदत करावी लागते, आणि मदत करणाऱ्याला कोण काय म्हणणार?

म्हणतात. म्हाताऱ्या म्हणतात. माळवदावर कुरडया वाळत घालत बसलेल्या म्हाताऱ्या हे आमच्याकडचं खरं गृहखातं. आमच्यात मामाची पोरगी केलेली चालते, मावशीची आणि चुलत्याची मात्र बहीण. त्यामुळं कोण कुणाकडं बघतंय याला कुणी महत्त्व देत नाही; कोण कुणाचं कोण लागतं हे आधी काढलं जातं. पोरगं दोनदा जिना चढून वर आलं की हाक येते, 'कुणाचा रं तू?' मग तीन पिढ्या, दोन सोयरिकी आणि एक जुनं भांडण यांचा हिशोब जागेवर मांडला जातो आणि निकाल लागतो, 'ती तुझी मावसबहीण लागती, उतर खाली.' कोर्टात एवढ्या वेळात नुसती तारीखही पडत नाही. शिवाय इथं अपील नाही.

सगळ्यात जोरात हंगाम झाला तो २०१६ च्या उन्हाळ्यात. म्हणजे दुष्काळाच्या. त्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणांवर जमावबंदी लागली, कलम १४४, पाचपेक्षा जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही. आमच्याकडं पेपर वाचायला येणाऱ्या अकरावीतल्या एका पोरानं बातमी नीट दोनदा वाचली आणि मला विचारलं, 'काका, दोघं असले तर चालतं ना?' कायद्याचा इतका बारकाईनं अभ्यास मी त्याच्याकडून त्याआधी किंवा नंतर कधी बघितला नाही.

१२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातुरात पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची यायला लागली. कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत ती आमच्या ढोकीवरूनच पुढं जायची. म्हणजे पाणी रोज डोळ्यांसमोरून चाललेलं, थांबत नाही, आणि आपलं नाही. म्हाताऱ्या माणसांना याचा फार त्रास झाला. पोरांना झाला नाही. पाहुण्या पोरींच्या बाबतीत त्यांचं दरवर्षी हेच चालू होतं.

गावात टँकर. तो कधी येईल याचा नेम नसल्यामुळं सकाळपासून रांग, पण रांगेत माणूस उभा नसायचा, घागर असायची. निळ्या, भगव्या, पोपटी प्लॅस्टिकच्या घागरी, पोटावर ऑइलपेंटनं आडनाव टाकलेलं, काहींच्या कानाला दोरी ओवून पाच-पाचचा जुडगा बांधलेला. कुणाच्या घागरीला पोचा आहे, कुणाच्या घागरीचा काठ डांबरानं सांधलाय, हे लहान लेकराला पाठ. घागर बघून माणूस ओळखायचा. त्यामुळं त्या उन्हाळ्यात पोरांनी फूल दिलं नाही, चिठ्ठी दिली नाही. तिची घागर दोन नंबर पुढं सरकवली. एवढंच. पण एप्रिल-मेच्या उन्हात, तीनशे घागरींच्या डोळ्यांदेखत एखादी घागर पुढं सरकवणं म्हणजे काय छातीचं काम आहे, हे टँकरवर पाणी भरलेल्यालाच कळेल.

आमच्या गल्लीतलं एक पोरगं, नुकतीच दहावी दिलेलं, याच्याही पुढं गेलं. समोरच्या घरी भोसरीहून भाची आली होती, नववी झालेली. हिच्या मामीची भगवी घागर त्यानं सरकवत सरकवत थेट स्वतःच्या आईच्या घागरीपुढं नेऊन ठेवली. त्या दिवशी टँकर निम्माच भरून आला होता. पाइप फिरत फिरत आला, भगवी घागर काठोकाठ भरली, आणि मागच्या घागरीत, म्हणजे आईच्या, दोन तांबे पडले आणि पाइपनं फुर्र केलं.

आई काही बोलली नाही. आई बोलली नाही की समजायचं, घरी बोलणार आहे. संध्याकाळी आवाज चार घरं ऐकू गेला. 'माझ्या आधी तिची घागर भरूलालास! लग्न झाल्यावर काय करशील रे?'

पोरगं म्हणालं, 'लग्न होईपर्यंत पाइपलाइन येईल की.'

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डोक्यावर दोन हंडे देऊन त्याला लांबच्या बोअरवर धाडलं. पण हे वाक्य गावात वर्षभर फिरलं. ग्रामसभेतही कुणीतरी वापरलं म्हणतात.

त्या उन्हाळ्याचं आणखी एक. तो मिस्ड कॉलचा शेवटचा उन्हाळा. ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि बोलणं फुकट झालं. त्याच्या आधी बोलणं पैशाचं आणि न बोलणं फुकट होतं, म्हणून पोरांनी न बोलण्याची अख्खी भाषा बनवली होती. एक रिंग म्हणजे टँकर आला. दोन रिंगा म्हणजे टँकर आला, पण आईसुद्धा आली. तिसरी रिंग पुरी व्हायच्या आत फोन कापायचा, कारण उचलला गेला तर पैसे जातात आणि उचलणारी मामी निघाली तर बाकीचंही जातं. वडीलधारे सांगतात, इथल्या तेरणा साखर कारखान्याच्या भोंग्यावर त्यांच्या वेळी सगळं चालायचं. भोंगा झाला की शिफ्ट सुटायची आणि कुणीतरी कुणाला तरी हापशावर दिसायचं. कारखाना मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी कारखान्यांपैकी. तो बंद पडला तसा भोंगाही गेला आणि पोरांना स्वतःची सोय स्वतः करावी लागली. रेंज फक्त माळवदावर मिळायची. माळवदावर कोण बसलेलं असायचं ते वर सांगितलंच आहे.

त्यातच २९ एप्रिलला 'सैराट' सिनेमा लागला. सुट्टी ऐन भरात, परीक्षा संपलेल्या, निकाल लांब. पोरं बार्शीला, लातूरला जाऊन बघून आली. ज्यांना जाता आलं नाही त्यांनी मेमरी कार्डात भरून घेतला. (ती सोय माझ्या दुकानात नव्हती. शेजारी होती.) दुसऱ्या दिवसापासून गावात जो तो सिनेमातला परश्या. केस मागं, चालणं तिरकं. फक्त अडचण एकच आली. परश्या बारवेत उडी मारतो. ढोकीच्या पोरांनी उडी मारायची कुठं? विहिरींचे तळ फुटलेले. दोघं-तिघं काठावर उभं राहून खाली वाकून बघायचे, आतल्या दगडांचा अंदाज घ्यायचे आणि परश्यासारखेच केस मागं घेऊन परत यायचे. पोरींचं मात्र नुकसान झालं नाही. परश्याची आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, त्याला पाणी लागत नाही. माझ्याकडं जेलपेन घ्यायला येणारी एक मुलगी महिन्याभरात बापाचा ट्रॅक्टर शेतातल्या शेतात मागं-पुढं घ्यायला शिकली. तिच्याकडं बघणाऱ्या पोरानं त्यानंतर बघणं बंद केलं. त्याला आर्ची आवडत होती, पण पडद्यावर.

मग पाऊस आला. टँकरची रांग मोडली आणि त्याबरोबर गावातली एकमेव उभं राहायची जागा गेली. घागरी घरोघर परत गेल्या, पन्हाळीखाली बसल्या. पोरं बापामागं रानात. शाळा कधी का उघडेना, पेरणी उरकेपर्यंत निम्मे बाक रिकामे असतात आणि मास्तरही ओरडत नाहीत, कारण मास्तरांचं सोयाबीनही पेरायचं राहिलेलं असतं. सिनेमावाले पावसात नाचतात ते कोरडवाहू नसावेत.

पाहुणे निघतात ते याच आठवड्यात. मामाच्या घरून निघताना शेंगदाण्याची पिशवी, कुरडया-पापडाचा डबा, लोणच्याची बरणी, ज्वारीचं पीठ आणि एक भोपळा एवढं सोबत असतं. त्यामागं पाहुणी दिसत नाही. निरोप द्यायचा तर तो भोपळ्याला द्यावा लागतो. एस.टी. लागली की पोरांची घाई जागेची. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं ही या भागातली सगळ्यांत मोठी सेवा. त्या घागरवाल्या पोरानंही रुमाल टाकला, बरोबर खिडकीची जागा धरली, आणि त्या रुमालावर पोरीचा मामा बसला. गाडी सुटली. रुमाल पुण्याला गेला. घरी 'रुमाल कुठंय?' म्हणून विचारल्यावर त्यानं 'शाळेत हरवला' असं सांगितलं. शाळा उघडायला अजून दोन दिवस होते.

जुन्या माणसांना हे सगळं फार घाईचं वाटतं. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज लातूरपर्यंत आली १९११ साली, अडीच फूट रुंदीचे रूळ; २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज होईपर्यंत ती टिकली. तिच्या वेगाबद्दल जे सांगतात त्यातलं निम्मं मी सोडून देतो. निरोप द्यायला आलेला माणूस गाडीच्या बाजूनं बोलत बोलत चालायचा आणि बोलणं संपलं की मागं वळायचा, म्हणे. पण आमच्या गल्लीतल्या एका आजोबांचं लग्न खरोखर अशा निरोपातून जमलं. गाडी इतकी रेंगाळली की दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना नातं काढायला पुरेसा वेळ मिळाला आणि निघालेलं नातं चालण्यासारखं निघालं. ब्रॉडगेजमध्ये ही सोय राहिली नाही.

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडं फोटोची गर्दी. एस.टी.च्या पासाला एक, शाळेच्या फॉर्मला दोन, ओळखपत्राला एक. मी आठच्या सेटमध्ये काढतो. उरलेल्या फोटोंचं पुढं काय होतं हा माझा विषय नाही, पण आई हिशोब मागायला येते तेव्हा मला 'कटिंग करताना दोन खराब झाले' असं म्हणावं लागतं. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट. काही तालुक्यांत तर मानव विकासच्या निळ्या बसा फक्त मुलींसाठी धावतात. मुलींची गळती थांबावी म्हणून सरकारनं काढलेली ही योजना. चांगलीच आहे, लेकी शिकल्या. फक्त निळी बस धुरळा उडवत निघून गेल्यावर मागच्या लाल बसमध्ये बसलेल्या पोरांचे चेहरे बघितले की वाटतं, योजनेच्या अहवालात हा मुद्दा यायला हवा होता.

आणि पहिला दिवस! प्रवेशोत्सव. दारात रांगोळी, आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, प्रत्येकाच्या हातात गुलाब. ज्या पोराचा अख्खा उन्हाळा एक गुलाब कुणाला तरी द्यावा या विचारात गेला, त्याच्या हाती जन्मातला पहिला गुलाब येतो तो मुख्याध्यापकांच्या हातून. त्यानंतर माणूस पाढ्यांकडंच वळणार.

उरलासुरला उन्हाळा वहीच्या शेवटच्या पानावर सापडतो. खाकी कव्हर, त्यावर लेबल, लेबलवर सुवाच्य अक्षरात नाव, इयत्ता, विषय. आणि शेवटच्या पानावर निळ्या जेलपेननं कंसात स अधिक प. एका गणिताच्या सरांनी असं पान पकडलं. पोरगं म्हणालं, 'सर, बीजगणित आहे.' सर म्हणाले, 'बरं. वर्ग करून विस्तार कर.' पोरानं फळ्यावर केला. सचा वर्ग, अधिक दोन सप, अधिक पचा वर्ग. बरोबर आलं. सरांना पुढं बोलायला जागाच उरली नाही. मला तर वाटतं, आमच्या भागात बीजगणिताचा पहिला धडा अशाच पानांमुळं टिकून आहे.

शाळेवरून आठवलं. जवळच तेर. गोरोबाकाकांचं गाव, चैत्रात त्यांची यात्रा भरते आणि उन्हाळ्यातलं बघणं खरं तर तिथूनच सुरू होतं, पाळण्यांपासून. गोरोबांची एक गोष्ट इथं प्रत्येक लेकराला ठाऊक. सगळे संत जमले होते, आणि मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी तपासायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून बघितलं. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं. नामदेवांनी तक्रार थेट विठ्ठलाकडं नेली. तर विठ्ठलानंही गुरू कर म्हणून सांगितलं आणि त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडं जावं लागलं. म्हणजे बघा, देवाच्या इतक्या जवळचा माणूस, तोही रुसून देवाकडं गेला तर देवानं त्याला शाळेत घातलं. आमच्या पोरांची काय कथा. आता छडीला बंदी आहे, थापटण्यालाही असेल. त्याऐवजी पायाभूत चाचणी घेतात. सुट्टीत काय काय विसरलं ते त्यात कळतं, काय काय शिकलं ते विचारत नाहीत.

त्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, २०१७ च्या १३ जूनला दहावीचा निकाल लागला. निकालाच्या दिवशी माझं दुकान म्हणजे यात्रा. ऑनलाइन बघायचा, प्रिंट काढायची, कुणी रडायचं, कुणी कुंथलगिरीच्या पेढ्यांची ऑर्डर फोनवर द्यायचं. त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला आणखी एका मुलीचा निकाल हवा होता. रिंकू राजगुरू, म्हणजे 'सैराट'मधली आर्ची. सिनेमा आला तेव्हा अकलूजची ही मुलगी शाळेतच होती. नंतर गर्दी इतकी व्हायला लागली की रोज वर्गात बसणं अवघड झालं आणि तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली. म्हणजे उन्हाळ्यातलं प्रेम मागं टाकून शाळेत परतणं आर्चीलाही चुकलं नाही, फक्त तिच्या मागं अख्खं राज्य लागलं होतं. तिला ६६.४० टक्के पडले. बातमी आली तेव्हा दुकानात भोसरीची पाहुणी उभी होती. सुट्टी संपायला दोन दिवस उरलेले, पिशव्या भरलेल्या, निकाल मात्र मामाच्या गावाला लागला. मी प्रिंट हातात दिली. बहात्तर.

'आर्चीला किती म्हणालात, काका?'

सांगितलं. तिनं प्रिंटवरचा आकडा परत एकदा बघितला आणि ओढणी सारखी करून अशी उभी राहिली की तिला आता ट्रॅक्टर दिला असता तर तिनं तो भोसरीपर्यंत नेला असता.

घागरवालं पोरगं झेरॉक्सच्या निमित्तानं मागं उभं होतंच. आधार कार्डाची झेरॉक्स ते आठवड्यात तिसऱ्यांदा काढत होतं. 'तुला किती होते मागच्या वर्षी?' तिनं मागं न वळता विचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याची प्रिंटसुद्धा मीच काढली होती.

'पन्नासच्या आसपास,' तो म्हणाला. 'आसपास' हा शब्द खालच्या बाजूनं घ्यायचा होता.

'मग आता रांगेत तुझी घागर माझ्या मागं.'

'यंदा नळाला पाणी आहे,' तो म्हणाला. तिच्याकडं सुटे दहा नव्हते. तिच्या प्रिंटचे पैसे मी त्याच्या उधारीत मांडले.